बहिष्कार अन्यायावर की माणसांवर?

तुर्भे येथील काही तरुणांनी अलीकडेच एक प्रश्न विचारला. शेजारच्या वस्तीतील काही मोठ्या माणसांच्या वागणुकीचा निषेध म्हणून त्या वस्तीच्या संघाशी क्रिकेट खेळायचे नाही, असे त्यांच्यापैकी काहींनी ठरविले होते. अशा बहिष्काराने परिस्थिती बदलते काय? आणि तो न्याय्य ठरतो काय?

मुंबईच्या मैदानाला हा प्रश्न नवा नाही. तेथे हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन व उर्वरित अशा पाच संघांचे पंचरंगी सामने होत. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्याला गांधीजींना भेटले, तेव्हा खेळातील या धार्मिक विभागणीला त्यांनी विरोध दर्शविला. विरोध वाढत गेला आणि १९४६ साली स्पर्धा बंद झाली. परंतु पुढच्याच वर्षी देशाची फाळणी झाली. मैदानावरील भिंत पडली, मनांतील पडली नाही.

दक्षिण आफ्रिकेत अन्याय खुद्द खेळाच्या व्यवस्थेतच होता. गोऱ्यांखेरीज कोणालाही राष्ट्रीय संघात स्थान नव्हते. समाज विषम असताना खेळ तेवढा समतेचा असल्याचे सोंग करता येणार नाही, अशी केपटाऊनचे मुस्लिम क्रिकेट संघटक हसन होवा यांची भूमिका होती. म्हणजे बहिष्काराची हाक पीडितांचीच होती. १९७४ साली भारताने डेव्हिस कपची अंतिम लढत खेळण्यास नकार दिला. चषक प्रतिपक्षाला गेला. झळ आपल्याच खेळाडूंनी सोसली. केवळ खेळाने वर्णभेद संपला नाही. त्यासाठी अनेकांनी तुरुंगवास भोगला, प्राण दिले. परंतु जगाचा नकार क्रिकेटवेड्या गोऱ्या समाजाला घरबसल्या जाणवला. वर्णभेदाचे कायदे रद्द होताच, नोव्हेंबर १९९१ मध्ये त्या देशाच्या संघाचे कोलकात्यात स्वागत झाले.

इस्लामी इतिहासात बहिष्काराचे दोन्ही प्रकार आढळतात. कुरैशांनी बनू हाशिमवर टाकलेला बहिष्कार संपूर्ण कुळावर होता. शिअबे अबी तालिबमध्ये लहान मुले भुकेने रडत. तो जुलूम होता, आणि त्याने सत्य दबले नाही. याउलट, तबूकच्या मोहिमेत मागे राहिलेल्या हजरत काब बिन मालिक (रजि.) व अन्य दोघांशी पन्नास दिवस कोणी बोलले नाही. ही शिक्षा त्यांच्या स्वतःच्या चुकीपुरती होती. तौबा कबूल झाल्याची वार्ता येताच लोक अभिनंदनासाठी धावले.

एखाद्या समूहाविषयीचे वैर आपल्याला न्यायापासून दूर नेऊ नये, अशी सूरह अल्-माइदाच्या ८ व्या आयतीची शिकवण आहे. म्हणून बहिष्कारापूर्वी स्वतःस विचारावे : अन्याय नेमका कोणता? तो करणारा कोण? झळ मी सोसणार की निरपराध? अन्याय थांबला, तर मी हात पुढे करीन काय?

तुर्भ्याच्या तरुणांनो, शेजारच्या वस्तीतील मुलांनी तुमचे काही बिघडविलेले नाही. तक्रार असेल ती ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापुढे निर्भयपणे मांडा, आणि मुलांशी सामना अवश्य खेळा. अल्लाह आपणा सर्वांना न्यायावर स्थिर ठेवो. आमीन.