वहाणा बाहेर

भीमाशंकरच्या डोंगरातल्या एका देवराईच्या तोंडाशी वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यानं वहाणा काढायला सांगितल्या, तेव्हा आमच्यातले एक निसर्गप्रेमी गृहस्थ पुटपुटले, ‘‘झाडं वाचवायला अजून देवाची भीती कशाला?’’ मी काही श्रद्धाळू नाही. तरी वाक्य खुपलं.

वाळकी काटकीही उचलायची नाही, उचलली तर कोप, हे मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. गृहस्थांचं म्हणणं सरळ होतं: भीती जावी, आवड यावी, लोकांनी रान पाहायला यावं, गावाला चार पैसे मिळावेत, रान टिकेल. मलाही हेच पटत आलं होतं. भीतीचा भरवसा नाहीच. सिमेंटचा सभामंडप हवासा वाटला की कौल लावून देवीचीच परवानगी काढतात आणि तिचीच झाडं विकतात.

पण मग गाणी नावाच्या गावाचं काय? श्रीवर्धन तालुक्यातल्या या गावानं १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांना साकडं घातलं, की आमची राई तोडली जाणार आहे, ती वाचवा. कारण राईतून बारमाही झरा वाहत होता. म्हणजे कोपाच्या आडून पाणी राखलं जात होतं. भीतीला गरजेचा टेकू होता. आवडीला कसला आहे? आवडलेलं ठिकाण आपण पुढच्या सुटीत बदलतो. गावाला झरा बदलता येत नाही.

त्या देवराईत होता तसा गारंबीचा वेल पाहिलाय? झाडावरून झाडावर चढत गेलेला, खोडासारखा जाड. शेंग कधी मीटरभराहून लांब. आतली चपटी, तपकिरी, गुळगुळीत बी हातात आली की सोडवत नाही. गृहस्थांनी एक खिशात टाकलीच. निसर्गप्रेमापोटीच!

बहुतेक राया लहान असतात. पालापाचोळा कुजून भुसभुशीत झालेल्या मातीत रोपं उगवतात. दर रविवारी बुटांच्या रांगा गेल्या तर ती माती घट्ट होते आणि रोपं उरत नाहीत. अनवाणी माणूस मात्र जपून पाय टाकतो, फार आत शिरत नाही आणि लवकर परततो. देवीला मानो न मानो, वहाणा काढायचा हा नियम मला आता कुठल्याही माहितीफलकापेक्षा शहाणा वाटतो.

तेव्हा जरूर जा. गावात मुक्काम करा, जेवणाचे पैसे मोजून द्या, गावकरी नेईल तिथवरच आत जा. फक्त आखीव पायवाट आणि बाकडी मागू नका.