नदीच्या आधीचा खड्डा

त्र्यंबकेश्वरला कुशावर्तात उतरणाऱ्या बहुतेकांना गौतम ऋषींची गोष्ट अर्धी तरी ठाऊक असते. गोहत्येचं पातक लागलं, ऋषींनी ब्रह्मगिरीवर तप केलं, शंकराच्या जटेतून गंगा उतरली. ती निसटू लागली तेव्हा त्यांनी दर्भ पसरून तिला अडवलं. गोदावरीचं माहात्म्य इथून सुरू होतं. शिवपुराणातल्या कोटिरुद्रसंहितेत मात्र या कथेचा आधीचा भाग आहे, आणि आज नाशिककरांना त्याची जास्त गरज आहे.

त्या भागात नदी नाही, दुष्काळ आहे. गौतम वरुणाची आराधना करतात. वरुण त्यांना खड्डा खणायला सांगतो आणि तो हातभर खड्डा कधीही न आटणाऱ्या पाण्याने भरतो. आश्रमाभोवती पुन्हा धान्य पिकतं, परागंदा झालेले ऋषी परततात. मग एके दिवशी गौतमांचे शिष्य कमंडलू घेऊन पाण्यावर येतात, तर तिथे जमलेल्या ऋषिपत्नी त्यांना अडवतात: आधी आम्ही भरणार! त्या भांडणाच्या सूडातूनच पुढे गाईचं कारस्थान रचलं जातं. पाणी नव्हतं तोवर सगळे एकाच दुःखात होते. ते मिळालं आणि हक्काचा प्रश्न उभा राहिला.

गच्चीवर पडणारा पाऊस कोणाचा, हा त्याच जातीचा प्रश्न आहे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर हंगामात 700 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 65 हजार लिटर पाणी होतं. उडालेलं, सांडलेलं वजा केलं तरी 50 हजार लिटर हाती लागावं. दहा हजार लिटरचे पाच टँकर! बहुतेक घरांत ते पाइपातून फाटकाबाहेर आणि तिथून पावसाळी गटारीत जातं. त्यावर कोणी हक्क सांगत नाही, म्हणून जबाबदारीही कोणी घेत नाही.

2015 चा सिंहस्थ अपुऱ्या पावसात पार पडला. पुढच्याच उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं आणि स्नानासाठी टँकरने पाणी आणावं लागलं. तळाच्या काँक्रीटखाली कुंडांचे जिवंत झरे गाडले गेले, ही तक्रार तेव्हा मोठ्याने ऐकू आली. ती रास्त होती. पण झऱ्याला तोंड मोकळं हवं तसं पोटात पाणीही हवं, आणि ते आजूबाजूच्या जमिनीत मुरल्याशिवाय येत नाही.

धर्मशास्त्राने पुण्यकर्माचे दोन भाग केले. यज्ञयाग हे इष्ट. विहिरी, तळी, बागा हे पूर्त. ज्यांना यज्ञाचा अधिकार नाकारला, त्यांनाही पूर्ताचा दिला. पावसाचं पाणी मुरवणं हे उघडच पूर्तकर्म आहे, आणि ते करायला पुरोहित लागत नाही.

तरी सोसायटीच्या बैठकीत एक आक्षेप हमखास निघतो. टाकीत साठवलेलं पाणी आपलं. बोअरभोवती शोषखड्डा करून जमिनीत सोडलेलं कुठे जाणार? नाशिकखाली बेसॉल्टचा कातळ आहे. पाणी त्याच्या भेगांतून, झिजलेल्या थरांतून वाट काढतं. ते शेजाऱ्याच्या बोअरला लागेल, कदाचित खालच्या आळीतल्या जुन्या आडाला. खर्च आपला, पाणी दुसऱ्याचं! ऋषिपत्नींचं म्हणणं याहून फार वेगळं नव्हतं. पण आहुती देताना यजमान ती आपली नाही असं म्हणूनच अग्नीत सोडतो. टाकी भरण्यात शहाणपण आहे. मुरवण्यात त्याग आहे. म्हणून टाकी भरून वाहू लागली की पुढचं पाणी जमिनीला देणं हा गृहस्थाचा धर्म मानायला हवा.

धर्म म्हटला की शुचिताही आली. मृगाआधी गच्ची झाडून घ्यावी लागते. कबुतरांची घाण, पाला, धूळ पहिल्या सरींबरोबर खाली येते. ते पाणी झडप उघडून बाहेर सोडायचं आणि नंतरचं खडी-वाळूच्या गाळणीतून खड्ड्यात घ्यायचं. गाळणी दरवर्षी उपसून धुवावी लागते. हा कंटाळा करून चालत नाही, कारण ज्या भेगांतून पाणी शेजाऱ्याच्या बोअरला जातं, त्याच भेगांतून घाणही जाते.