कर्नलचे लक्षण

ऑपरेटिंग सिस्टीमच्या ज्या भागाला प्रोसेसर पूर्ण मुभा देतो तो कर्नल, असे साधारणपणे सांगितले जाते. हे वर्णन झाले, लक्षण नव्हे. त्या भागात काय असावे हे त्यातून कळत नाही. लक्षण अतिव्याप्त (नको तेही आत घेणारे) नसावे आणि अव्याप्तही (हवे ते बाहेर ठेवणारे) नसावे, ही नैयायिकांची अट. फाईल सिस्टीमच्या कोणत्या सुविधा कर्नलमध्ये असाव्यात हा वाद वेगाच्या नावाने लढला जात असला, तरी मुळात तो या लक्षणाचा आहे.

सर्वांत कडक कसोटी संगणकशास्त्रज्ञ योखेन लीड्टके यांनी १९९५ मध्ये मांडली. एखादी गोष्ट बाहेर काढल्यावर व्यवस्थेचे आवश्यक कामच अशक्य होत असेल, तरच तिला कर्नलमध्ये जागा. निखळ लाघव, म्हणजे कमीत कमीत भागवणे! या कसोटीला फाईल सिस्टीम अर्थातच उतरत नाही. टॅनेनबॉम यांच्या मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ती १९८७ पासून कर्नलबाहेरची स्वतंत्र प्रक्रिया होती. लिनक्सनेही २००५ मध्ये फ्यूज स्वीकारून बाहेरच्या प्रोग्रॅमला फाईल सिस्टीम चालवण्याची वाट करून दिली. दर विनंतीला एक हेलपाटा वाढतो खरा, पण तो खर्चाचा प्रश्न आहे, तत्त्वाचा नाही.

युनिक्सने वेगळी रेघ आखली होती. फाईल म्हणजे बाइटांची नुसती ओळ. नाव, मालकी आणि परवानगी कर्नल सांभाळील, अर्थ ज्याचा त्याने लावावा. २००४ मध्ये रायझर४ या फाईल सिस्टीमने ही रेघ पुसू पाहिली. तिच्यात एकच वस्तू फाईलही होती आणि डिरेक्टरीही; फाईलच्या पोटात शिरून तिचा मालक किंवा परवानग्या साध्या फाईलींप्रमाणे वाचता याव्यात, अशी कल्पना. तिच्यामागचा युक्तिवाद हलका नव्हता. अशी सोय लायब्ररीत ठेवली की प्रत्येक लायब्ररीचे नामविश्व निराळे होते. केडीई आणि नोम या डेस्कटॉपांनी आपापले पत्ते तयार केलेच होते, आणि टर्मिनलवरच्या कॉपीच्या साध्या आज्ञेला ते कळत नव्हते.

घोड्याने पेंड खाल्ली ती दुसरीकडेच. युनिक्समध्ये एका फाईलला हार्ड लिंकने अनेक नावे देता येतात. डिरेक्टरीला मात्र नाही, कारण मग वृक्षात वर्तुळ तयार होऊ शकते आणि कर्नलमधली कुलपे (लॉक) एकमेकांत अडकतात. फाईलच डिरेक्टरी झाली की हे दोन्ही नियम एकाच वस्तूवर येऊन आदळतात. लिनक्सचे विकसक अल व्हायरो यांनी नेमके यावर बोट ठेवले. रायझर४ मुख्य लिनक्समध्ये कधीच आले नाही.

तरीही ‘अर्थ बाहेर’ हा नियम पुरा पडत नाही. एकमेकांवर विश्वास नसलेल्या प्रोग्रॅमांना ज्या बाबतीत एकच निकाल मानावा लागतो, ती बाब आतच हवी. दोन नावे एकच आहेत का, ही अशी बाब आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता जोडूनही. डोळ्यांना फरक दिसत नाही. नेहमीच्या लिनक्सला मात्र त्या दोन वेगळ्या फाईली वाटतात. ही पडताळणी प्रोग्रॅमवर सोपवली, तर एकाने तपासून नाव लिहीपर्यंत दुसरा तेच नाव लिहून मोकळा झालेला असेल. म्हणून अशी नावे एकच मानण्याची सोय देताना लिनक्सच्या ext४ या फाईल सिस्टीमने २०१९ मध्ये युनिकोडचा तक्ताच कर्नलमध्ये आणला. लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेदही त्यातच मिटतो. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांना तो मिटवणे मुळीच पसंत नाही, आणि लिपींचे व्याकरण कर्नलने शिकावे हे लाघवाच्या दृष्टीने गौरवच, म्हणजे जादा भार. पण येथे ते टाळता येत नाही. ही सोय चालू करणारी खूण एकेका डिरेक्टरीवर, आणि ती रिकामी असतानाच लावता येते, कारण भरलेल्या डिरेक्टरीत आजवर वेगळी असलेली दोन नावे अचानक एक ठरू शकतात.