चादरीचा कोपरा

भाट्याच्या कबरस्तानात मावशीला उतरवताना चादरीचा एक कोपरा आमच्या हातात होता. बाईची मय्यत कबरीत उतरते तेव्हा वर चादर धरतात. मुलगा, भाऊ असे महरम खाली उतरतात. इतरांनी पाहायचे नाही. खाडीवरून वारा असा सुटला होता की चादर शिडासारखी फुगत होती. फळ्या बसल्या, चादर निघाली, आम्ही तीन मुठी माती दिली.

पुढे शाळेत मिसरच्या पिरॅमिडांवर बोलायचे म्हणून थोडे वाचन केले आणि नूत या देवीपाशी अडलो. सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडात, इसवी सनपूर्व २३५०च्या सुमारास, भिंतींवर मृत्युविधीचे मंत्र कोरले गेले. त्यांत आणि पुढच्या राजांच्या पिरॅमिडांत नूत हे आकाश आहे, आणि मेलेल्या राजाची आईही. (आपण धरतीला माता म्हणतो, मिसरी लोकांची धरती पुरुष, गेब नावाचा.) ती मुलावर अंग पसरते, त्याला झाकते, वाइटापासून राखते. शवपेटी हे तिचेच रूप. हे छत्र आधी फक्त राजाला होते. दुसऱ्या पेपीच्या काळी राण्यांना मिळाले, नंतर इतरांनाही. पुढे तर पेटीच्या झाकणाला आतून नूत रंगवू लागले, म्हणजे मय्यतीच्या अगदी डोळ्यांसमोर.

हे वाचताना मावशीवरची चादर आठवली. मग बडोदे आठवले आणि शरम वाटली. तिथल्या संग्रहालयात सयाजीराव महाराजांच्या काळी, १८९५ साली आणलेली ममी आहे. बाईची, असे सांगतात. एका लग्नाला गेलो असता आम्ही ती तिकीट काढून, काचेला नाक लावून पाहिली होती. मावशीवर कुणाची नजर पडू नये म्हणून हात भरून येईतो चादर ताणणारे आम्हीच, आणि हेही आम्हीच.

वर्गात हे बोललो तेव्हा एक मुलगा चटकन म्हणाला, "सर, ते तर फिरऔनचे लोक. त्यांची लाश इबरतीसाठीच राखलीय." सूरह यूनुसमध्ये फिरऔनच्या देहाचा असा उल्लेख आहे खरा. पण तो जालीम होता. या बाईने कुणावर काय जुलूम केला? तिचा अकीदा आपला नव्हता, एवढ्याने तिच्या अंगावरचा पडदा उचलायचा हक्क आपल्याला मिळतो का?

खुद्द मिसरमध्ये १९८० साली अन्वर सादात यांनी कैरोच्या संग्रहालयातील राजांच्या ममींची खोली बंद करविली होती. १९९४ मध्ये ती पुन्हा उघडली.

दुसरी बाजूही सोपी नाही. १८८१ मध्ये मास्पेरो उनासच्या पिरॅमिडात शिरले म्हणून नूतचे ते मंत्र जगाला कळले. ज्या शब्दांनी आम्हाला शरम वाटली, ते शब्दच कुणीतरी कबरीत शिरल्याशिवाय आमच्यापर्यंत आले नसते. तेव्हा अभ्यासकाने पाहावे, जरूर पाहावे. लेख आणि झाकणे सर्वांना दाखवावीत. देहावर मात्र पडदा असावा, सहलीच्या गर्दीपुढे तो उघडा नको, असे आमचे मत आहे. सहकाऱ्यांपैकी दोघांना ते पटलेले नाही.

मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, मग तिचा महरम कोण?"

आता कोणी उरले नसेल, असे म्हणून आम्ही फळा पुसायला घेतला. ती उभीच होती.