दुखणे मनाचे म्हणजे खोटे काय?

आषाढ लागला की गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांध्यांत बायकांच्या रांगा वाकलेल्या दिसतात. घोटाभर चिखलात सकाळपासून सांजेपर्यंत रोवणी, पुढे निंदण, मग कापणी. उन्हाळ्यात मोहफुले वेचायची तीही वाकूनच. अशा एखादीची कंबर महिनोन्‌महिने दुखते, क्ष-किरण चित्रात काहीच आढळत नाही आणि ‘तुमचे दुखणे मनाचे आहे’ असे तिला सांगितले जाते. या वाक्यात उपचार किती आणि अविश्वास किती?

देकार्त या तत्त्वज्ञाने सतराव्या शतकात वेदनेला घंटेच्या दोरीची उपमा दिली : इकडे दोरी ओढली की तिकडे मेंदूत घंटा वाजते. म्हणजे दोरी ओढणारा सापडला नाही, तर घंटा खोटी! हे चित्र १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी पार बदलले. शरीराकडून येणारा संदेश मेरुरज्जूतच कमीअधिक होतो आणि त्यात भय, चिंता, लक्ष यांचाही वाटा असतो, असे त्यांनी मांडले. उलटपक्षी, कसलीही वेदना नसलेल्या माणसांच्या मणक्यांतही झीज सर्रास आढळते. तेव्हा चित्रावरून दुखणे खरे की खोटे हे ठरवणे मुळातच गैर होय. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारताना, रुग्णाच्या सांगण्याचा आदर राखावा, असे स्पष्टच नमूद केले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दीर्घकालीन कंबरदुखीसाठी माहिती आणि व्यायाम यांच्या जोडीला मानसोपचारही सुचविले. पट्टे बांधण्याला आणि वजने लावून कंबर ताणण्याला मात्र अनुकूलता दर्शविली नाही. वाकलो तर कंबर मोडेल या भयाने माणूस हालचाल टाळतो, स्नायू दुबळे होतात, दुखणे वाढते. हे चक्र तोडणे एवढाच मानसोपचाराचा माफक दावा आहे.

आहाराचे म्हणाल तर वांगी-बटाटे ‘वातूळ’ म्हणून सोडल्याने जुनी कंबरदुखी बरी होते, असे सिद्ध झालेले नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावी हाडे मऊ पडून दुखतात, हे मात्र खरे. तिथे तपासणी आणि औषध हवेच. बाकी आहाराचा उपदेश फुकटचा, म्हणूनच तो सढळ हाताने वाटला जातो. जी घरात सर्वांच्या मागून जेवते, तिला दूध-अंडी खा म्हणून सांगणारा हा नेमके कोणाशी बोलत असतो, कोण जाणे!

खरी अडचण पुढेच आहे. ‘वाकायला भिऊ नका’ हा सल्ला खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनास हितावह आहे. परंतु जिला दिवसभर वाकूनच राहायचे आहे, तिचे भय हा केवळ मनाचा खेळ नव्हे. ते तिच्या कामाविषयीचे ज्ञान आहे. तिच्या भयावर उपचार करून तिला पुन्हा त्याच बांधीत उभी करणे, ही सेवा की शेतमालकाची सोय? मानसोपचार नाकारावेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. गरिबाला मन नसते असे मानणे हाही अपमानच आहे. पण मनावर उपचार करणाऱ्याने कामाची पद्धत विचारात घेतलीच पाहिजे. आता रोवणीची यंत्रे निघाली आहेत. यंत्र आले की कंबर वाचते, मजुरी जाते. आणि ती मजुरी गेली तर कंबर दुखतच राहिलेली बरी, असे या बायांनी म्हटले तर त्यांना समजूतदारपणा शिकवायला आपण कोणत्या तोंडाने जावे?