हिंगाचा भाऊबंद

सकाळी सहाला चहाचं आधण ठेवलं की मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बायबल उघडून बसते. समोरच्या इमारतीतले आजोबा त्याच वेळी देवपूजा आटोपतात आणि धुपाटणं घेऊन घरभर फिरतात. गोवरीच्या निखाऱ्यावर पडलेल्या ऊद-गुग्गुळाचा वास वाऱ्याबरोबर आमच्याकडे येतो. आम्ही नाशिकच्या शरणपूरचे जुने ख्रिस्ती. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली आणि त्या मंडळींच्या उपासनेत धुपाला जागा नव्हती. कॅथलिकांकडे आहे; सणाच्या मिस्साला धूपदाणी झुलते. आमच्याकडे मात्र धूप बाळंतिणीच्या खोलीतच. आजी शेगडीवर ओवा, शेपा, वावडिंग टाकायची आणि बाळाला त्या धुरीवरून अलगद फिरवायची. एरवी धूप म्हणजे शेजारघरचा वास, एवढंच माझ्या मनात होतं.

गेल्या आठवड्यात वाचनक्रमात निर्गमाचा ३०वा अध्याय आला. धूपवेदीचा अध्याय. पूर्वी मी तो भराभर उलटायचे. मोजमापं, कड्या, दांडे, सोन्याचा पत्रा, यात मनाला काय मिळायचं? या वेळी खिडकीतून तो वास येत होता म्हणून असेल, थांबले.

वेदी लहानशीच. एक हात लांब, एक हात रुंद, दोन हात उंच. बाभळीच्या लाकडाची, वरून सोन्याने मढवलेली. बाभूळ! मराठवाड्यात बांधाबांधावर उभी असते, तिचीच भावकी. ही वेदी इस्राएल लोकांच्या उपासनेच्या मंडपात, अगदी अंतरपटासमोर. त्या पडद्यापलीकडे आज्ञापटांचा कोश. पशूंचे यज्ञ बाहेर अंगणातल्या वेदीवर व्हायचे, लोकांच्या डोळ्यांदेखत. धूप आत जळायचा, कुणी पाहणारं नसताना. याजक अहरोनाने रोज सकाळी दिव्यांची काजळी काढायची, वाती नीट करायच्या आणि त्याच वेळी धूप जाळायचा. संध्याकाळी दिवे लावताना पुन्हा. काजळी काढायचं काम आणि धूप, दोन्ही एकाच हाताने, एकाच वेळी. हे मला फार जवळचं वाटलं. आपल्याकडेही समईची काजळी पुसणारी बाईच वात लावते.

मग धुपाची कृती येते. चार जिन्नस. नाटाफ नावाचा झाडाचा डिंक. शहेलेत, म्हणजे बऱ्याच अभ्यासकांच्या मते समुद्री शंखाच्या तोंडावरचं झाकण. आपले काष्ठौषधीवाले त्याला नखला म्हणतात. चौथा शुद्ध ऊद, हिब्रूत लेवोना, पांढरा या अर्थाचा शब्द. अरबी लुबान आणि आपला लोबान त्याच कुळातले. ज्या झाडांचा हा डिंक, त्यांचीच सख्खी जात म्हणजे सातपुड्याच्या रानातली सालई. या तिघांबद्दल मला काही शंका आली नाही. सुगंधी द्रव्यांत सुगंधी द्रव्यं, ठीकच.

तिसरं नाव अडलं. हेल्बना. शोधल्यावर कळलं की तो फेरुला नावाच्या झुडपाचा चीक. फेरुला म्हणजे ज्या वंशात आपला हिंग येतो तोच. इराणकडच्या कोरड्या डोंगरांवर वाढणारी बडीशेपेसारख्या फुलोऱ्याची ही झुडपं. बुंध्याला चीर दिली की चीक पाझरतो आणि सुकून खडा होतो. हेल्बनाचा वास कडवट, उग्र. यहुदी परंपरेने त्याला सरळ दुर्गंधीच म्हटलं आहे.

उठून फडताळातली हिंगाची डबी उघडली. सकाळी सहा वाजता, रिकाम्या पोटी, नाक थेट डबीत. डोळ्यांत पाणी आलं. हा वास घरात कुणाला आवडत नाही म्हणून आई हिंग घट्ट झाकणाच्या डबीत, तीही दुसऱ्या डब्यात ठेवायची. आणि वरणाच्या फोडणीत तो पडला नाही तर पहिल्या घासाला वडील विचारायचे, आज काय राहिलं?

आणि प्रमाण? शास्त्र सांगतं, चारही समभाग. उदाइतकाच हेल्बना. चिमूटभर, नावापुरता असं नाही. फोडणीत हिंग चिमूटभरच पडतो. इथे मात्र तराजूत तो उदाच्या बरोबरीने बसतो. पुढे मिठाने खारवून, बारीक कुटून, त्यातला काही भाग कोशासमोर ठेवायचा. ही कृती घरी स्वतःच्या हौसेसाठी करायची नाही. केली तर तो माणूस आपल्या लोकांतून तोडला जाई.

पुढे यरुशलेमच्या मंदिराच्या काळात हीच कृती ११ जिनसांवर गेली, असं यहुद्यांचा तालमूद सांगतो. केशर, दालचिनी, जटामांसीच्या जातीचं द्रव्य, असं बरंच. वर्षभरासाठी ३६८ माने, म्हणजे त्या वजनाची ३६८ मापं, एवढा धूप बनायचा. दिवसाला एक माप याप्रमाणे ३६५, आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक अंतरपटापलीकडे ओंजळी भरून नेई त्यासाठी ३. रोजचं माप अर्धं सकाळी, अर्धं संध्याकाळी. कुटणाऱ्याजवळ एक जण उभा राहून तालात म्हणत राही, बारीक कर, चांगलं कर. आवाजाने मसाला चांगला होतो अशी त्यांची समजूत. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आमच्या आजीला हे वेगळं सांगावं लागलं नसतं. अव्टिनास नावाच्या घराण्याकडे धुपाचं गुपित होतं. त्या घरातल्या बायका, अगदी नववधूसुद्धा, कधी अत्तर लावत नसत. देवाच्या धुपातलं घरी वापरतात असं कुणी म्हणू नये म्हणून.

पण मी ज्या ओळींशी अडले त्या वेगळ्या. ११ पैकी एक जिन्नस जरी वगळला तरी धूप वाहणारा मरणदंडाला पात्र, असं तालमूद म्हणतो. आणि हेल्बनाबद्दल एक रब्बी शिकवतात, त्याचा आशय असा: इस्राएलातले अपराधी ज्यात सामील नाहीत तो उपास उपासच नव्हे, कारण वास वाईट असूनही शास्त्राने हेल्बनाला धुपाच्या द्रव्यांत मोजलं आहे.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि तो धूप विझला. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी, ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, त्यांच्याकडे मात्र धुराची आठवण वेगळ्या वाटेने राहिली. पोहे, नारळ, गूळ आणि फळं यांचा मलिदा करून ते एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, स्मरण करतात, आणि या विधीसोबत ऊद जाळण्याचे उल्लेख जुन्या नोंदींत आहेत. ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली, आडनावं गावांवरून पडली, नवगावकर, केहीमकर, तरी उदाचा खडा निखाऱ्यावर पडत राहिला. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. जगभरच्या सभास्थानांत धूप जळत नाही. त्याऐवजी सकाळच्या प्रार्थनेत, अनेक परंपरांमध्ये रोज, त्या द्रव्यांची नावं मोठ्याने म्हणतात. इतके माने हे, इतके माने ते, इतके माने हेल्बना. धूर नाही, नुसती यादी. पण त्या यादीतही हेल्बना गाळायचा नाही.

याच शोधात आणखी एक गोष्ट हाती लागली. इस्राएलातल्या तेल अराद इथे यहूदाच्या राज्यातलं एक देवस्थान उकरून काढलं गेलं. गाभाऱ्याच्या दाराशी दगडाच्या दोन वेदी होत्या. त्यांच्यावरच्या काजळीचं पृथक्करण २०२० साली प्रसिद्ध झालं. एकीवर ऊद आणि जनावराची चरबी सापडली. दुसरीवर गांजा आणि त्यात मिसळलेलं शेण. ते स्थान म्हणजे यरुशलेमचं मंदिर नव्हतं, हे खरं. तरीही मंद जळावं म्हणून कुणीतरी देवापुढच्या धुपात शेण कालवलं होतं, आणि समोरचे आजोबा रोज गोवरीवरच ऊद टाकतात.

माझ्या सकाळच्या प्रार्थनेतही नावांची यादी असते. आई, मुलगा, सून, नातवंडं, चर्चमधले आजारी, रात्रपाळी करून घरी येणारा शेजारचा मुलगा. स्तोत्रकर्त्याने १४१व्या स्तोत्रात आपली प्रार्थना धुपासारखी वर जावी असं मागितलं, ते मी लहानपणापासून म्हणत आले. माझी यादी मला नेहमी पूर्ण वाटायची. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं नाव तिच्यात नव्हतं. घराच्या वाटणीवरून सात वर्षांपूर्वी जे बोलणं झालं त्यानंतर नव्हतं. ठरवून गाळलं होतं असंही नाही. रोज एका ठिकाणी मी श्वास घ्यायचे आणि पुढच्या नावाकडे जायचे.

त्या सकाळी हिंगाचा वास बोटांना होता. चहा गाळताना, कप पुसताना, पान उलटताना तो येत राहिला. साबणाने धुतलं तरी. मी पुन्हा खिडकीशी बसले आणि यादी सुरू केली. त्या ठिकाणी आल्यावर श्वास घेतला आणि थांबले.

जाऊबाई आता एकट्या राहतात. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, असं कुणीतरी सांगितलं होतं. मला ते आठवलं, म्हणजे इतके दिवस ते माझ्याजवळ होतंच.

नाव घेतलं. जीभ जड झाली आणि वर काही मागणं सुचलं नाही. नुसतं नाव. समोरच्या आजोबांचा धूप तोवर विरला होता. त्यांच्या घरातून कुकरची शिट्टी आली.

आज आठवा दिवस. अजून ते नाव घेताना घसा कोरडा पडतो. मी ते मुलाच्या नावाला लागूनच घेते. मध्ये थांबले तर राहून जाईल.