यश हें प्रायश्चित्त होय काय?

थोर पुरुषांचीं चरित्रें तरुणांपुढें ठेवावीं, हा आम्हां शिक्षकांचा जुना परिपाठ आहे. त्यास अनुसरून आम्हीं एकदां वर्गांत अमेरिकेंतील मेंदूचे शस्त्रवैद्य व संशोधक डॉ. अल्फ्रेडो किन्योनेस-हिनोहोसा यांची हकीकत सांगितली. ती संपतांच मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें उठून विचारलें, “सर, त्यांच्याबरोबर टोमॅटो खुडणाऱ्या बाकीच्यांचें काय झालें?” आम्हीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली, पण तो प्रश्न आमच्याबरोबर घरीं आला आणि अद्याप गेलेला नाहीं. प्रस्तुत लेख हें त्या विद्यार्थ्यास उशिरां दिलेलें उत्तर होय.

प्रथम हकीकत. हे गृहस्थ 1968 सालीं मेक्सिको देशांत, अमेरिकेच्या सरहद्दीवरील मेहिकाली शहराजवळच्या एका खेड्यांत जन्मले. बापाचा पेट्रोलपंप होता. तो बुडाला आणि घर अन्नाला महाग झालें. मुलगा शिकून शिक्षक होण्याच्या पात्रतेचा झाला होता. पण त्या विद्येनें घरच्यांचें पोट भरण्याचीं चिन्हें दिसेनात. तेव्हां 1987 सालीं या तरुणानें सरहद्दीचें कुंपण चढून पलीकडे उडी टाकली. जवळ परवाना नव्हता आणि इंग्रजी भाषाही नव्हती. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यांत त्यानें तण उपटलें, टोमॅटो खुडले, कापूस वेचला. पुढें रेल्वेच्या कामावर असतांना 1989 सालीं तो पेट्रोलियम वायूच्या टाकींत पडला. सोबत्यांनीं बाहेर काढला म्हणून वांचला. मजुरी करतांकरतां तो कॉलेजांत शिकला. तेथून बर्कलेच्या विद्यापीठांत व पुढें हार्वर्डच्या वैद्यकशाळेंत गेला. 1997 सालीं तो अमेरिकेचा नागरिक झाला, 1999 सालीं डॉक्टर झाला. 2005 पासून जॉन्स हॉपकिन्स येथें आणि 2016 पासून फ्लॉरिडांतील मेयो क्लिनिक येथें त्यांनीं आपलें कार्य चालविलें.

त्या कार्याचें स्वरूप थोडेंसें सांगितलें पाहिजे. मेंदूंत उद्भवणारा ग्लायोब्लास्टोमा नांवाचा कर्करोग इतका दुष्ट आहे कीं, सर्व उपचार करूनही निम्मे रोगी साधारण सव्वा वर्षाच्या पलीकडे जात नाहींत. त्याचीं मुळें निरोगी भागांत सूक्ष्म तंतूंप्रमाणें पसरलेलीं असतात. वाचेचें किंवा हालचालीचें केंद्र जवळ असल्यास रोग्यास जागें ठेवून शस्त्रक्रिया करावी लागते. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहींत. म्हणून रोगी बोलत असतो आणि शस्त्रवैद्य विजेच्या सौम्य स्पर्शानें एकेक जागा तपाशीत जातो. बोलणें अडखळलें कीं तेथें शस्त्र थांबतें. काढलेली गांठ मग प्रयोगशाळेंत जाते. मेंदूंतील मूलपेशींचा या रोगाशीं काय संबंध असावा, आणि चरबींतून मिळणाऱ्या मूलपेशींकडून रोगाचा पाठलाग करवितां येईल काय, या प्रश्नांचा शोध डॉ. किन्योनेस व त्यांचे सहकारी घेत आले आहेत. अशा पुरुषापुढें मान आपोआप लवते.

परंतु आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न येथेंच उभा राहतो. कुंपण ओलांडणें हा त्या देशाच्या कायद्याचा भंग होता. तो भंग आज डॉक्टरांच्या नांवावर दोष म्हणून मांडणारे थोडे. त्यास पराक्रम म्हणणारेच फार. ही क्षमा कशाबद्दल? त्या रात्रीं हा तरुण शस्त्रवैद्य नव्हता. समजा, 1989 सालीं सोबत्यांना क्षणभर उशीर झाला असता, तर त्याच उडीबद्दल लोकांनीं त्यास चोरटा घुसखोर म्हणून विसरून टाकलें असतें. कृत्य तेंच, हेतु तोच. मग त्याची नैतिक किंमत सोबत्यांच्या चपळाईवर अवलंबून राहावी काय?

इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनीं 1976 सालीं नैतिक दैवाची चर्चा करतांना चित्रकार गोगॅंचें उदाहरण घेतलें होतें. कलेसाठीं बायकामुलांना सोडून दूरच्या बेटावर जाणाऱ्याचें समर्थन झालें तर यशानेंच होईल, आणि तें यश सर्वस्वीं त्याच्या हातचें नाहीं, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा मार्मिक आहे. पण तो येथें लागू पडत नाहीं, असें आम्हांस वाटतें. गोगॅं घर टाकून गेला. हा तरुण घरासाठीं गेला. त्याचें समर्थन भविष्याकडून उसनें आणावयाचें नव्हतें. तें त्या रात्रीं त्याच्यापाशींच होतें. आणि तसेंच तें त्याच्या शेजारीं राबणाऱ्या अनेकांपाशीं होतें.

राज्यास सरहद्द राखण्याचा हक्क नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. कुंपणें पाडावींत असाही आमचा आग्रह नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, दया करावयाची तर ती माणसाची स्थिति पाहून करावी, त्याची भावी कीर्ति पाहून नव्हे. अमेरिकेनेंच 1986 च्या कायद्यानें सुमारें 27 लाख परवानाहीन लोकांस रहिवासाचा हक्क दिला. तेथें कसोटी होती ती देशांत किती वर्षें राहिले किंवा शेतांत किती दिवस राबले याची. शेतमजुरांच्या बाबतींत 90 दिवसांचें काम पुरे होतें. कोणाच्या घरांत पुढें शस्त्रवैद्य निपजेल, हें त्या कायद्यानें विचारलें नाहीं.

मनुष्यास केवळ साधन मानूं नये, असें कांटनें सांगितलें. आपण तें परीक्षेंत लिहितों, आणि व्यवहारांत माणूस उपयोगी ठरला म्हणजेच त्याला माणूस म्हणतों. डॉ. किन्योनेस यांनीं 2011 सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत आपले मजुरीचे दिवस लपविले नाहींत. कवटी उघडणारे हात व टोमॅटो खुडणारे हात एकच होते. कौशल्य मागाहून आलें, योग्यता आधींपासूनच होती.

तेव्हां त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर असें: बाकीच्यांपैकीं फारच थोड्यांचीं नांवें पुस्तकांत आलीं, पण एका बुडत्याला टाकींतून ओढून काढणारे त्यांच्यांतलेच होते. यापुढें ही हकीकत सांगूं तेव्हां त्यांच्यापासून आरंभ करूं. यश हें प्रायश्चित्त नव्हे. जेथें पापच नव्हतें तेथें प्रायश्चित्त कसलें? आणि जेथें तें असेल, तेथें कीर्तीनें तें धुऊन निघत नाहीं.